बाकीची लुगडी कुठे गेली?

कुठल्याही संग्रहालयात गेलो आणि एखादं रिकामं काचेचं कपाट दिसलं की माझे पाय तिथेच थांबतात. नातवंडं हात ओढतात, "आजोबा, इथे काहीच नाहीये, पुढे चला ना." त्यांना काय सांगणार? नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, गुंठाभर जमिनीसाठी सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडलेली पाहिली. त्यातल्या कशानेही माझी झोप उडाली नव्हती. ती उडवली एका लुगड्याच्या चोरीने. हसा खुशाल. फिर्याद लिहून घेताना मीही मनातल्या मनात हसलोच होतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी वसई पट्ट्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. हा सगळा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडायचा. मी मूळचा साताऱ्याकडचा, त्यामुळे पहिले काही महिने इथल्या गावांचा मला काही उमजच पडेना. पूर्वेला वालीवचे गाळे आणि कारखाने, स्टेशनच्या आजूबाजूला रोज उगवणाऱ्या बिल्डिंगी, आणि पश्चिमेला निर्मळ-सांडोरकडे वळलं की एकदम केळीच्या बागा, फुलांचे वाफे, आणि सायकलला भाजीच्या टोपल्या बांधून निघालेली माणसं. तिथे आमच्या ठाण्याला फारसं काम नसे. बांधाची भांडणं, सणाचा बंदोबस्त, संपलं.

त्यातल्याच एका गावात एक निवृत्त मुख्याध्यापक होते. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहिणार नाही. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा, मीही म्हणतो. शांतता समितीच्या बैठकीला ते नेहमी यायचे, म्हणून ओळख. चर्चमागच्या जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत या माणसाने एकट्याने संग्रहालय उभं केलं होतं. लोक जुनी घरं पाडून स्लॅबची बांधत होते आणि घरातल्या वस्तू भंगारात घालत होते. मास्तर दारोदार फिरून त्या मागून आणायचे. रहाटाची चाकं, लाकडी नांगर, जाती, तांब्याची घंगाळं, लग्नातल्या वाजंत्र्यांची पितळी वाद्यं, जुने क्रूस. प्रत्येक वस्तूपाशी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला दोन तास सोडलं नाही. शेवटी वायरलेसवर हाक आली म्हणून सुटलो.

या संग्रहालयाची शान म्हणजे एक लाल लुगडं. लग्नात नवरीने नेसायचं, हातमागाचं, काठाला खरी जरी. दुसऱ्या खोलीत मधोमध काचेच्या कपाटात ते उलगडून लावलं होतं. मास्तर अभिमानाने सांगायचे, "साहेब, ही वीण, हा रंग, अख्ख्या पट्ट्यात असं एकच शिल्लक आहे. शोधून दुसरं मिळायचं नाही."

त्या वर्षी मास्तरांच्या संग्रहालयाचं नशीब उघडलं होतं. राज्यातल्या उत्तम संग्रहालयांना आणि कलादालनांना दरवर्षी पुरस्कार द्यायचे, त्यात लहान संग्रहालयांचा एक वेगळा गट होता. मास्तरांचा अर्ज शेवटच्या फेरीत पोचला आणि परीक्षकांची कमिटी रविवारी प्रत्यक्ष पाहायला येणार असं ठरलं. ही नुसती हौस नव्हती. त्या दोन खोल्यांवर गावातल्याच काही पुढाऱ्यांचा डोळा होता, त्यांना तिथे कार्यालय हवं होतं. "पुरस्कार मिळाला की खोल्यांना हात लावायची कोणाची छाती होणार नाही," मास्तर मला म्हणाले होते. "नाही मिळाला, तर पावसाळ्याआधी हे सगळं सामान रस्त्यावर."

आणि नेमकं त्याच आठवड्यात मास्तरांची आई गेली. नव्वदीच्या घरातली म्हातारी. गुरुवारी दुपारी अंत्ययात्रा होती. गर्दी मोठी होणार म्हणून मी दोन शिपाई रस्त्यावर उभे केले आणि स्वतःही गेलो. अंगणात मांडवाखाली पुरुष बसलेले, बायका आत. तिथल्या ख्रिस्ती लोकांत बाई गेली की तिला बायकाच तयार करतात. ते होईपर्यंत पुरुषमाणूस त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही, मग तो पोटचा मुलगा का असेना. शवपेटी बाहेर आणली तेव्हा म्हातारीचा चेहरा तेवढा दिसत होता. गळ्यापासून खाली पांढरीशुभ्र चादर आणि तिच्यावर झेंडू-शेवंतीचा ढीग. मी हार आणला होता तो छातीपाशी ठेवला, हात जोडले. चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना झाली, सिमेट्रीत मास्तरांनी मूठभर माती टाकली. मी ठाण्यावर परत आलो.

शुक्रवारी सकाळी ठाणे अंमलदार सांगत आला, "साहेब, मास्तर आलेत. लुगडं चोरीला गेलं म्हणतात."

मला वाटलं, धक्क्याने काहीतरी बरळतायत. आईला माती देऊन एक रात्रही नीट उलटली नव्हती. बाहेर येऊन पाहतो तो मास्तर बाकावर बसलेले, दाढीचे खुंट वाढलेले. "साहेब, रविवारी कमिटी आहे हो! काहीही करा, पण रविवारच्या आत ते मला मिळवून द्या."

फिर्याद घेतली. लुगडं कुणाचं, म्हणून विचारलं तर म्हणाले, "आमच्या घराण्यातलं." घराण्यातलं म्हणजे पणजी-खापरपणजीचं असणार असं मी धरून चाललो. पंचांना घेऊन जागेवर गेलो, पंचनामा केला. बाहेरच्या दाराचं कुलूप शाबूत. काचेच्या कपाटाचंही शाबूत. काचेवर ओरखडा नाही. आतला लाकडी दांडा मात्र रिकामा. अशा वेळी पोलिसाला एकच कळतं, काम किल्लीने झालंय आणि किल्ली आपल्यातल्याच कोणाची आहे. बाहेरच्या दाराची किल्ली वॉचमनकडे असायची. कपाटाची मास्तरांच्या घरी, खुंटीवरच्या जुडग्यात. अंत्ययात्रेच्या गर्दीत घरात कोणीही घुसून ती उचलू शकलं असतं.

"तुमचा कोणावर संशय?" मी विचारलं.

मास्तर घुटमळले. मग म्हणाले, "वॉचमनशिवाय दुसरं कोण असणार? मुंबईचे जुन्या वस्तूंचे दलाल मधे येऊन गेले होते. त्यांनी फितवलं असेल."

वॉचमन पाचूबंदरचा, मच्छीमार. होडीवर दोरात सापडून उजवा हात कायमचा अधू झालेला. समुद्रावर जाता येईना तेव्हा मास्तरांनीच त्याला दारावर ठेवून घेतलं होतं. मी त्याला ठाण्यात आणून समोर बसवला. हात उगारणारा अधिकारी मी कधीच नव्हतो. पण माझा आवाज असा, की मी एकाला विचारायचो आणि शेजारच्या खोलीतला दुसराच कबुली द्यायचा. या बाबाच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"कुलूप कोणी उघडलं?"

"मीच उगडलं, सायेब."

मी चाटच पडलो. असं पहिल्याच प्रश्नाला कोण सांगतं? "म्हणजे लुगडं तू नेलंस?"

"मी नाय नेलं."

"मग कोणी?"

"ते नाय सांगनार."

"अरे, तू आत जाशील! चोरीचा शिक्का बसल्यावर पुन्हा कोण तुला दारावर उभा करील? या हाताने दुसरं काय काम करणार आहेस?"

तो आपल्या अधू हाताकडे बघत राहिला. "ठावं हाय मना. टाका आत."

माझं डोकं सटकलं. टेबलावर फाईल आपटून मी बाहेर आलो. चोर खोटं बोलतो, निरपराध माणूस रडतो, पाया पडतो, देवाच्या शपथा घेतो. हा दोन्हीतला कुठलाच नव्हता. याला अटक करायला मन होईना आणि सोडायलाही.

त्याच दुपारी वालीवहून खबऱ्याचा फोन आला. तिथल्या एका गाळ्यात जुन्या साड्यांची जरी जाळून, गाळून चांदी काढायचं काम चालायचं. खबरी म्हणाला, "साहेब, काल तिकडे एक लाल लुगडं आलंय. भट्टीत टाकलं म्हणतात." जीप काढली. गाळ्यावर पोचलो तर भट्टी थंड झालेली, राखेचा ढीग, आणि कोपऱ्यात एक वीतभर जळका तुकडा. लाल. काठावर जरी. मी तो हळूच, दोन्ही हातांनी उचलला. अहो, मला कपड्यातलं काय कळतंय! पण ते लुगडं दाखवताना मास्तरांच्या चेहऱ्यावर येणारं तेज मी पाहिलं होतं. गाळेवाला हात जोडून सांगत होता, दारोदार फिरून जुन्या साड्या घेणाऱ्या फेरीवाल्याने आणून दिलं, साहेब, मला काही माहीत नाही.

तुकडा कागदात गुंडाळून मी तसाच मास्तरांच्या घरी गेलो. मास्तरांनी तो तळहातावर घेतला आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडायला लागले. आईच्या अंत्ययात्रेत हा माणूस असा रडला नव्हता. "जाळलं हो, जाळलं!" एवढंच म्हणत होते.

मास्तरीण बाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. दारातूनच एक नजर टाकली. "हे आपलं नाही," म्हणाल्या आणि परत आत गेल्या.

बस, एवढंच. पण मला ते खटकलं. ज्याची वस्तू चोरीला जाते, त्याच्यापुढे असा तुकडा ठेवला की तो हातात घेतो, उलटसुलट करतो, उजेडात धरतो. आपली आहे म्हणून घाबरतो, नाहीतर नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकतो. या बाई घाबरल्या नाहीत, सुटल्याही नाहीत. तुकड्याला हातसुद्धा लावला नाही. आपलं लुगडं भट्टीत गेलेलं नाही, हे त्यांना तुकडा पाहण्याआधीच माहीत होतं.

ठाण्यात परत येऊन तोच तुकडा मी वॉचमनपुढे टाकला. "हे बघ. जळालं तुझं लुगडं."

तो चक्क हसला. सकाळपासून पहिल्यांदा. "ते हे नाय, सायेब. जिचं होतं तिच्याकडं गेलं ते." आणि मग एकदम भानावर येऊन त्याने तोंडाला कुलूप लावलं. मी त्याला घरी पाठवला, सकाळी पुन्हा हजर राहायला सांगितलं. पळून जाणारा माणूस नव्हता तो.

जिचं होतं तिच्याकडं. हे शब्द काही डोक्यातून जाईनात. शनिवारी सकाळी दाढी करताना मास्तरांचं ते नेहमीचं वाक्य आठवलं, अख्ख्या पट्ट्यात असं एकच शिल्लक आहे. आणि हातातला ब्रश तसाच राहिला. एकच कसं? गावात पिढ्यानपिढ्या लग्नं झाली. प्रत्येक नवरी असंच लाल लुगडं नेसली. लोकांनी जाती टाकली नाहीत, घंगाळं टाकली नाहीत, मास्तरांना डझनांनी मिळाली. मग लुगडीच तेवढी कुठे गेली?

एका महिला शिपायाला बरोबर घेऊन मी मास्तरांचं घर गाठलं. वॉचमन तेव्हा ठाण्यात येऊन बसलेला होता. मास्तर संग्रहालयात, बाई ओट्यावर माठाची भाजी निवडत होत्या. मी आडवळण घेतलं नाही. "बाई, एकच विचारायचंय. असं लुगडं एकच शिल्लक आहे म्हणतात. बाकीची कुठे गेली?"

त्यांचे हात थांबले. उत्तर न देता त्यांनी मलाच विचारलं, "वॉचमनला कालच सोडलंत ना? मास्तर म्हणाले, नुसता जबाब घेऊन घरी पाठवला."

"काल पाठवला. आज पुन्हा आणलाय. त्याने तोंड उघडलं नाही तर दुपारी अटक दाखवावी लागेल."

"अटक?" भाजीचं ताट बाजूला सारून त्या ताडकन उठल्या. पायात चपला सरकवल्या. "चला, मी येते. त्याचा काही दोष नाही. लुगडं मी काढलंय."

मी त्यांना बसवलं, पाणी प्यायला लावलं. महिला शिपाई शेजारी बसली. घरात ही मंडळी आपल्या बोलीत बोलत, माझ्याशी मात्र बाई शाळेतल्यासारखं एकेक शब्द तोलून बोलल्या.

"साहेब, आमच्याकडे मुलगी लग्नात जे लाल लुगडं नेसते, ते आयुष्यात दोनदाच अंगाला लागतं. एकदा लग्नात. मग ते ट्रंकेत ठेवायचं, वर्षातून एकदा ऊन दाखवायचं, पुन्हा ठेवायचं. दुसऱ्यांदा नेसवतात ते शेवटच्या दिवशी. ज्या लुगड्यात ती या घरात आली, त्याच लुगड्यात ती जाते. बाकीची कुठे गेली विचारता? सिमेट्रीत आहेत, साहेब. जिची तिच्या अंगावर."

महिला शिपायाने पटकन कपाळावर हात लावून क्रूसाची खूण केली. तीही इथलीच होती.

"काचेत होतं ते माझ्या सासूबाईंचं," बाई पुढे म्हणाल्या. "मुलाने हट्ट धरला म्हणून त्यांनी दिलं. पण सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, माझी वेळ आली की मला परत हवं. वॉचमनलाही सांगायच्या, तू दार उघडशील ना रे? तो हो म्हणायचा. त्या गेल्या, तशी मी मास्तरांना म्हणाले, लुगडं आणा. ते दाराशी उभे राहून म्हणाले, पांढरी साडी नेसवा. रविवारी कमिटी आहे, आई समजून घेईल." त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. "आम्ही आत चौघीजणी होतो. कोणी काही बोललं नाही. मास्तरांच्या शब्दाला गावात नाही म्हणायची सवयच नाही कोणाला. मी खुंटीवरची किल्ली काढली. ते मांडवात लोकांना भेटत होते. फुलांच्या टोपलीत घालून आणलं ते, वरून शेवंती टाकली. नेसवलं. आणि मास्तरांना दिसू नये म्हणून गळ्यापर्यंत चादर ओढली."

ज्या मुद्देमालासाठी मी वालीवची राख उकरत होतो, तो त्या चादरीखाली होता. मी माझ्या हाताने त्याच्यावर हार ठेवला होता. ज्याने फिर्याद दिली, त्याने आपल्या हाताने त्याच्यावर माती टाकली होती. आणि गावातल्या चार बायकांना हे सगळं ठाऊक होतं, अख्ख्या मिस्सेत त्या मान खाली घालून उभ्या होत्या.

तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. जीप पाहून मास्तर धावत आले होते. "सापडलं का?" त्यांचा पहिला प्रश्न.

मी बाईंकडे पाहिलं. सांगायचं काम माझं होतं, पण त्याच उठून उभ्या राहिल्या. "आईंना नेसवलंय. मी नेसवलंय."

मास्तर मटकन ओट्यावर बसले. मला वाटलं, आता हा माणूस रडेल, बायकोवर ओरडेल, माझी माफी मागेल. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. मान वर करून अगदी शांत, चौकशीच्या सुरात त्यांनी मला विचारलं, "साहेब, उद्या सकाळच्या आत काढता येईल का?"

मला आधी कळलंच नाही. "काय काढता येईल?"

"माती अजून सैल आहे," मास्तर म्हणाले.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी माणसांच्या तोंडून नाही नाही ते ऐकलं, पण या चार शब्दांनी मी जसा हादरलो तसा कधी हादरलो नाही. हा काही कसाई नव्हता हो! गावातल्या तीन पिढ्यांना लिहायला-वाचायला शिकवलेला, मुंगीही न मारणारा माणूस होता. म्हणूनच तर हादरलो. "मास्तर!" मी इतक्या जोरात ओरडलो की रस्त्यावरचा सायकलवाला थांबला. "कळतंय का, कुणाबद्दल बोलताय? कबर उघडायला दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो, तोही मृत्यूचा संशय असेल तर. कमिटीला दाखवायला नाही! आणि तसा हुकूम हातात असता, तरी मी फाडून टाकला असता."

मास्तर पुटपुटत राहिले, "पण खोल्या जातील हो, सगळं रस्त्यावर येईल... आईला कळलं असतं तर ती स्वतःच म्हणाली असती..."

बाई आत गेल्या. ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांवर एक लाल लुगडं होतं. सासूच्या मानाने साधं, गिरणीचं, काठ बारीक. पण लालच. त्यांनी ते मास्तरांच्या मांडीवर ठेवलं.

"हे घ्या माझं. उद्या लावा काचेत, मिळू दे पुरस्कार. फक्त एक करा. माझी वेळ आली आणि हे मला कोणी नेसवलं, तर पोलिसात जाऊ नका."

त्या चिडल्या नव्हत्या, रडतही नव्हत्या. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा बोलल्या. मास्तर त्या लुगड्याकडे पाहत राहिले. घडीवर हात फिरवला, मग एकदम चटका बसल्यासारखा हात काढून घेतला आणि तोंड झाकून घेतलं. आता मात्र ते रडले, आणि या वेळी ते कशासाठी रडतायत ते विचारायची गरज नव्हती. "आय, आय," एवढंच ऐकू येत होतं. महिला शिपाई अंगणात निघून गेली. मीही भिंतीवरच्या तसबिरीकडे बघत उभा राहिलो.

थोड्या वेळाने ते उठले. लुगडं दोन्ही हातांवर घेऊन आतल्या खोलीकडे गेले आणि दारातून वळून बायकोला विचारलं, "कुठल्या ट्रंकेत असतं हे?" चाळीस वर्षांचा संसार, गावातल्या घराघरातली वस्तू न् वस्तू ठाऊक, आणि हे माहीत नाही.

तिथून ते माझ्याच जीपमध्ये बसून ठाण्यात आले. बाकावर बसलेल्या वॉचमनपुढे उभं राहून त्यांनी हात जोडले. तो बिचारा धडपडत उठला. "सर, असं नका करू. आजीला मी हो बोललेलो, म्हनून दार उगडलं. तुमाला नाय सांगितलं, ती माजी चूक." दोघांनाही मी चहा पाजला. मग मास्तरांचा पुरवणी जबाब घेतला. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. जिची वस्तू तिला परत गेली, त्यात चोरी कुठली? गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून 'सी' समरी, म्हणजे प्रकरण बंद करायचा अहवाल, कोर्टात पाठवली. वरिष्ठांनी फोन करून विचारलं, हे काय प्रकरण आहे? मी सांगितलं. "ठीक आहे," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

रविवारी मी साध्या कपड्यात संग्रहालयात गेलो. कमिटी आली. सगळं पाहत पाहत मंडळी दुसऱ्या खोलीत, त्या रिकाम्या कपाटापाशी आली. अर्जातल्या फोटोत इथे लुगडं होतं, आता नुसता दांडा. एका परीक्षकांनी विचारलं, "मुख्य वस्तू कुठे आहे?" मला वाटलं, मास्तर सांगतील दुरुस्तीला दिलंय, चोरीला गेलंय. एफआयआर तर होतीच हातात! पण मास्तरांनी सगळं सांगितलं. आपणच पांढरी साडी नेसवा म्हणालो होतो, तेही. फक्त मातीबद्दलचं ते वाक्य तेवढं त्यांच्या तोंडून निघालं नाही, आणि ते निघायला नको होतंच. ऐकणाऱ्यांपैकी एक बाई चष्मा काढून पुसत राहिल्या.

त्या वर्षी पुरस्कार मिळाला नाही. खोल्या मात्र गेल्या नाहीत. झालेली हकिकत गावभर पसरली आणि एरवी संग्रहालयाकडे न फिरकणाऱ्या म्हाताऱ्या ते रिकामं कपाट बघायला यायला लागल्या. खोल्यांवर डोळा ठेवणाऱ्या पुढाऱ्यांच्याही आया त्यात होत्या. आईपुढे बोलायची हिंमत कुणाची असते? पुढे काही वर्षांनी पुरस्कारही मिळाला. मी तेव्हा बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेलो होतो. नंतर कधीतरी पाहायला गेलो तर सन्मानचिन्ह कचेरीतल्या टेबलावर, पंख्याने उडणाऱ्या कागदांवर ठेवलेलं होतं. कपाट तसंच रिकामं होतं. लुगड्याचं माप, वीण, रंग सगळं लिहून ठेवलेली चिठ्ठी जागेवर होती, खाली मास्तरांनी आईचं नाव घातलं होतं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. तपासाचं म्हणाल तर हे, की जी वस्तू सापडते तिच्याबरोबर जी सापडत नाही तिचाही हिशेब मागावा. आणि माणसांचं म्हणाल तर मी आजही गोंधळतो. वाईट माणूस वाईट वागला तर पोलिसाला धक्का बसत नाही. चांगला माणूस चांगल्या कामापायी कुठवर जाऊ शकतो, ते त्या ओट्यावर बसून मी ऐकलं. तेव्हापासून कोणी एखाद्या गोष्टीसाठी आयुष्य वाहिलंय असं कळलं, की त्याचं कौतुक करण्याआधी मी त्याच्या घरातल्या माणसांकडे एकदा बघून घेतो.

माझ्या निवृत्तीनंतर मास्तरीण बाई गेल्याचं कळलं. मी पोचलो तेव्हा मांडवात पुरुष बसले होते, बायका आत होत्या. मास्तर पार वाकले होते. ते उठले, शेजारच्या खोलीत गेले आणि कोणाला न विचारता ट्रंकेतून लाल लुगडं घेऊन आले. उंबऱ्याच्या अलीकडे थांबून दोन्ही हात पुढे केले. आतून एका बाईने ते घेतलं. मास्तर म्हणाले, "नीट नेसवा ग. आणि चादर नको. काठ दिसू दे."

शवपेटी बाहेर आली तेव्हा सगळ्या गावाने ते लाल लुगडं पाहिलं. मी आणलेला हार घेऊन पुढे झालो, क्षणभर थांबलो आणि तो पायापाशी ठेवला, काठ झाकला जाणार नाही असा.